शेकडो फायलींची नावं बदलणारी स्क्रिप्ट बिघडते तेव्हा

फोल्डरभर फोटो, स्कॅन किंवा रेकॉर्डिंग पडलेली असतात, नावं वेडीवाकडी असतात आणि दहा-पंधरा ओळींच्या स्क्रिप्टनं ती एकदाची सरळ करायची असतात. अशा बिघडलेल्या स्क्रिप्ट माझ्याकडे सतत येतात. पायथनमधली असो, बॅशमधली असो की पॉवरशेलमधली, बिघाड ठरलेल्या जागीच सापडतो. नाव बदलण्याच्या प्रत्यक्ष आज्ञेत तो जवळपास कधीच नसतो, नवं नाव काय असावं हे ठरवणाऱ्या ओळींत असतो. पण बहुतेक स्क्रिप्ट एक नाव ठरवते, लगेच बदलते, मग पुढचं ठरवते. त्यामुळे ठरवण्यातली चूक दिसते तोवर अर्धं फोल्डर बदललेलं असतं.

लक्षणं

- स्क्रिप्ट निमूट चालते, एररही येत नाही, पण एकही नाव बदलत नाही.
- "फाइल सापडली नाही" अशी एरर येते आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते.
- काही नावं बदलतात, काही तशीच राहतात. राहिलेल्यांत बहुधा स्पेस किंवा कंस असतात.
- फोल्डरमध्ये आधी होत्या त्यापेक्षा फायली कमी झालेल्या दिसतात.
- १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २.
- नावाच्या सुरुवातीला तोच मजकूर दोनदा, तीनदा चिकटलेला असतो.
- एक्स्टेंशन गायब होतं, नाहीतर दोनदा लागतं.
- मराठी नावांतले काना-मात्रा-अनुस्वार गळून जातात, किंवा अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन नावांपैकी एकच स्क्रिप्टला सापडतं.
- एका कॉम्प्युटरवर चालणारी ओळ दुसऱ्यावर काहीच करत नाही.

यातलं चौथं लक्षण असेल, म्हणजे फायलींची संख्या घटली असेल, तर स्क्रिप्ट पुन्हा चालवू नका, त्या डिस्कवर काहीही नवीन ठेवू नका आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकीच्यांना घाई नाही. नाव बदलताना फाइलीतल्या मजकुराला हात लागत नाही, फोल्डरच्या नोंदवहीतली फक्त ओळ बदलते. संख्या जुळत असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त नावांचा घोळ आहे.

आधी मोजा, मग कॉपी करा

ही सगळ्यात स्वस्त तपासणी आणि हीच सर्रास वगळली जाते. स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी फोल्डरमधल्या फायलींचा आकडा लिहून ठेवा आणि नंतर पुन्हा मोजा. नावं बदलल्यानं आकडा कधीच बदलत नाही. बदलला तर एका फाइलीनं दुसरीची जागा घेतली आहे, नाहीतर फाइल भलत्याच फोल्डरमध्ये गेली आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग फोल्डरची कॉपी करून तिच्यावर काम करा. जागा नसेल तर दोन पळवाटा आहेत. नाव बदलणाऱ्या स्क्रिप्टला फाइलीच्या आत काय आहे याच्याशी सहसा देणंघेणं नसतं, म्हणून त्याच नावांच्या रिकाम्या, शून्य बाइटच्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये तयार करा आणि चाचणी तिथे घ्या. हजारो फायली असल्या तरी क्षणात होतं. लिनक्सवर याहून छान सोय आहे, हार्ड लिंकची. कॉपीच्या आज्ञेला लिंक करायला सांगितलं की त्याच मजकुराला दुसऱ्या फोल्डरमधूनही नाव मिळतं आणि जादा जागा जवळपास लागत नाही. मूळ फोल्डरमध्ये एखादं नाव चुकून दुसऱ्यावर चढलं तरी मजकूर दुसऱ्या नावाखाली जिवंत राहतो. मात्र दोन्ही फोल्डर एकाच डिस्क विभागावर हवेत. आणि हा बॅकअप नव्हे: डिस्क गेली तर दोन्ही गेले, शिवाय मजकूर बदलला तर तो दोन्हीकडे बदलतो.

फोटोच्या आतल्या तारखेवरून नाव देणार असाल तर रिकाम्या फायलींचा उपयोग नाही. तिथे खऱ्या फायलींचा छोटा नमुना घ्या, पण तो मुद्दाम विचित्र निवडा: स्पेसवाली, दोन टिंबांची, मोठ्या अक्षरांतल्या एक्स्टेंशनची, देवनागरी नावाची, सगळ्यात लांब नावाची.

स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे?

"काहीच झालं नाही" आणि "फाइल सापडली नाही" या दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा हेच असतं. स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे त्या फोल्डरमध्ये ती चालते असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे चालते, आणि एडिटरचं बटण दाबलंत तर एडिटरनं उघडलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये. पहिल्याच ओळीत सध्याचं फोल्डर छापून बघा.

पायथनवाल्यांसाठी याला एक जोडमुद्दा आहे. फोल्डरमधल्या फायलींची यादी देणारं 'लिस्टडिर' फक्त नावं देतं, पूर्ण पत्ता देत नाही. यादी एका फोल्डरची घ्यायची आणि नुसती नावं 'रिनेम'ला द्यायची, म्हणजे ते ती नावं सध्याच्या फोल्डरमध्ये शोधणार आणि ओरडणार. फोल्डरचा पत्ता दोन्हीकडे जोडा, जुन्या नावालाही आणि नव्यालाही. फक्त जुन्याला जोडलात तर फाइल नवीन नावानं भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसते, आणि "हरवलेल्या" कितीतरी फायली मला शेवटी अशाच सापडलेल्या आहेत. संख्या घटलेली दिसली तर आधी ही शक्यता बघून घ्या. नुसतं बघण्यानं काही बिघडत नाही.

पॅटर्नला काही सापडतंय का?

कॅमेरा बऱ्याचदा एक्स्टेंशन मोठ्या अक्षरांत देतो आणि आपण पॅटर्नमध्ये, म्हणजे कुठल्या फायली घ्यायच्या ते सांगणाऱ्या नमुन्यात, लहान अक्षरांतलं 'जेपीजी' लिहितो. लिनक्सच्या दृष्टीनं ही दोन वेगळी एक्स्टेंशनं आहेत. तुलना करण्यापूर्वी एक्स्टेंशन लहान अक्षरांत करून घ्या, प्रश्न मिटतो. विंडोजवर आणखी एक भुलवणी आहे: ओळखीची एक्स्टेंशनं तिथे मुळातच लपवलेली असतात. तुम्हाला 'अहवाल' दिसतं, खरं नाव 'अहवाल.पीडीएफ' असतं, आणि स्क्रिप्टनं प्रामाणिकपणे जोडलेलं एक्स्टेंशन दुसरं ठरतं. एक्स्प्लोररच्या सेटिंगमध्ये जाऊन ती दिसती करा.

बॅशमध्ये पॅटर्नला एकही फाइल जुळली नाही तर बॅश तो पॅटर्न जसाच्या तसा, तारांकनासकट, पुढे पाठवतो. म्हणून एररमध्ये तारांकन असलेलं "नाव" दिसलं की फाइल हरवल्याची शंका सोडा. जुळणीच झालेली नाही.

ठरवणं आणि बदलणं वेगळं करा

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर स्क्रिप्टची रचनाच बदला. याला दहा मिनिटं लागतात आणि पुढच्या बहुतेक तपासण्या आपोआप सोप्या होतात. क्रम असा ठेवा:

१. फोल्डरमधल्या फायलींची पूर्ण यादी एकदाच घ्या. फोल्डर त्यातून वगळा.
२. यादी आपल्याला हव्या त्या क्रमानं लावा.
३. प्रत्येकीचं नवं नाव ठरवा आणि जुनं-नवं अशी जोडी बाजूला ठेवा. इथे डिस्कला हात लावायचा नाही.
४. सगळ्या जोड्या तपासा. एकही खटकली तर तिथेच थांबा.
५. जोड्या छापून दाखवा. खरोखर बदलायचं असेल तरच वेगळा शब्द देऊन स्क्रिप्ट चालवायची, एरवी तिनं नुसतं दाखवावं.
६. बदलताना प्रत्येक जोडी आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत, लिहा, मग नाव बदला.

पाचवी पायरी म्हणजे ड्राय रन, आणि ती आपोआप व्हायला हवी. ड्राय रनसाठी पर्याय द्यावा लागत असेल तर घाईत कुणी तो देत नाही. छापलेली यादी वाचतानाही सुरुवातीच्या पाच ओळी बघून मान डोलावू नका, त्या नेहमी बरोबरच असतात. यादी नव्या नावाच्या लांबीप्रमाणे लावा आणि दोन्ही टोकं बघा: सगळ्यात छोटं नाव आणि सगळ्यात मोठं नाव. चूक तिथे दडते.

लॉगमध्ये पूर्ण पत्ते लिहा आणि ती फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या अक्षरसाठवणीत. नाव बदलण्याला कचरापेटी नसते, एक्स्प्लोररमधलं 'अन्डू' स्क्रिप्टनं केलेल्या बदलांना लागू होत नाही. उलटं फिरवायचं झालं तर लॉग हाच एकमेव आधार, आणि तो शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे वाचायचा.

स्पेस आणि कंस

हे दुखणं शेलचं आहे, पायथनमध्ये ते जवळपास नाही. बॅशमध्ये व्हेरिएबल अवतरणचिन्हांत ठेवलं नाही तर स्पेसपाशी नावाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळी फाइल समजला जातो. दुहेरी अवतरणचिन्हं घाला. यादी दाखवणाऱ्या 'एलएस' आज्ञेचं आउटपुट लूपमध्ये घेऊ नका, थेट पॅटर्नवर लूप फिरवा. नाव आडव्या रेघेनं सुरू होत असेल तर आज्ञेला तो पर्याय वाटतो, म्हणून पॅटर्नच्या सुरुवातीला टिंब आणि तिरकी रेघ द्या.

एक्स्टेंशन कापण्याची पद्धत

नाव पहिल्या टिंबापाशी तोडणाऱ्या स्क्रिप्ट 'अहवाल.आवृत्ती२.पीडीएफ'चा नुसता 'अहवाल.पीडीएफ' करतात. अशा दोन आवृत्त्या असल्या की दोघींचं नाव एकच होतं आणि पुढच्या मुद्द्यातली आपत्ती ओढवते. शेवटच्या टिंबापाशी तोडा. पायथनमध्ये त्यासाठी 'स्प्लिटेक्स्ट' तयार आहे.

पायथनमधला 'आरस्ट्रिप' मात्र टाळाच. त्याला 'जेपीजी'सारखं एक्स्टेंशन दिलं की तो ते एक्स्टेंशन कापतो असा समज आहे. तो दिलेल्या अक्षरांपैकी कुठलंही अक्षर शेवटी दिसेल तोवर खात सुटतो, त्यामुळे पी किंवा जी या अक्षरांनी संपणाऱ्या नावांचे शेपूट जातं आणि बाकीची नावं ठीक राहतात. दोष शोधायला म्हणूनच वेळ लागतो. पायथन ३.९ पासून नेमकं हेच काम करणारं 'रिमूव्हसफिक्स' आलं आहे.

दोन फायली, एक नाव

खरं नुकसान होतं ते इथे. बाकी सगळ्या चुका लॉगवरून परत फिरवता येतात, ही नाही.

नवं नाव आधीच अस्तित्वात असेल तर काय होतं हे तुम्ही कुठल्या यंत्रणेवर आहात त्यावर ठरतं. विंडोजवर पायथनचं 'रिनेम' एरर देऊन थांबतं, पॉवरशेलची आज्ञाही नकार देते. लिनक्स आणि मॅकवर तेच 'रिनेम' आधीच्या फाइलीला बाजूला सारून तिच्या जागी बसतं, अवाक्षर न काढता. तिथली नाव बदलायची आज्ञा 'एमव्ही'ही तसंच वागते. विंडोजवर महिनोन्महिने नीट चाललेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर नेली की फायली गिळू लागते, याचं कारण हेच. 'एमव्ही'ला आधीच्या फाइलीवर न लिहिण्याचा पर्याय आहे, 'एन' अक्षराचा. तो नेहमी द्या.

एकच नाव दोघींना मिळतं कसं? नेहमीच्या वाटा तीन.

पहिली, कॅमेऱ्याची. कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या पद्धतीत फाइलक्रमांक ०००१ ते ९९९९ इतकाच असतो. तो संपला की नव्या फोल्डरमध्ये पुन्हा ०००१. दोन फोल्डर एकत्र केले, किंवा दोन कॅमेऱ्यांचे फोटो एका ठिकाणी आणले, की क्रमांक भिडतात. तारीख-वेळेवरून नाव देणं हा चांगला उपाय आहे, पण एका सेकंदात सलग काढलेल्या फोटोंची वेळ सारखीच असते. वेळेच्या मागे एक क्रमांकही लावा. आणि वेळ फोटोच्या आत नोंदलेली घ्या. फाइलीची बदल-तारीख कॉपी करण्याच्या काही पद्धतींत बदलते आणि मग सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले दिसतात. फोटोतल्या नोंदीत तारखेचे आकडे कोलननं तोडलेले असतात. विंडोजच्या नावात कोलन चालत नाही, तेवढा बदला.

दुसरी वाट, क्रमांक सरकवण्याची. मधे एक स्कॅन राहिला म्हणून सगळ्यांचे क्रमांक एकानं वाढवायचे. स्क्रिप्ट १ चं नाव २ करते, तिथे आधीची २ जाते. मग २ चं ३ करते, आता ३ गेली. लिनक्सवर याचा शेवट एकाच फाइलीत होतो, आणि ती असते पहिली. वाढवताना शेवटून सुरुवात केली तर इथपुरतं भागतं, पण मी तो मार्ग सुचवत नाही, कारण उद्या कुणीतरी क्रमांक कमी करायला तीच स्क्रिप्ट वापरतो. दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत सगळ्यांना कधीच नसतील अशी तात्पुरती नावं द्या, दुसरीत खरी. रांगेतल्या सगळ्यांना आधी उठवायचं आणि मग नव्या जागी बसवायचं, कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही.

तिसरी वाट, लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोज आणि मॅकवर सुरुवातीच्या सेटिंगनुसार रोमन अक्षरांच्या लहान-मोठेपणाला नावात किंमत नाही, लिनक्सवर आहे. लिनक्सवर दोन वेगळ्या असलेल्या फायली पेनड्राइव्हवर नेल्या की एकीच्या अंगावर दुसरी येते. याचं उलट दुखणं असं: मॅकवर नाव नुसतं लहान अक्षरांत करायचं असतं आणि "हे नाव आधीच आहे" म्हणून स्क्रिप्ट थांबते. ते नाव तिचं स्वतःचंच असतं. वरची दोन फेऱ्यांची पद्धत इथेही चालते.

म्हणून चौथ्या पायरीतली तपासणी दुहेरी हवी. यादीतल्या नव्या नावांत एकही नाव दोनदा नको, आणि यादीबाहेरच्या कुठल्याही फाइलीचं ते नाव नको. तुलना लहान अक्षरांत करून घ्या, म्हणजे सगळ्या यंत्रणांवर निभावेल.

तोच मजकूर दोनदा चिकटतो

बहुतेकदा कुणीतरी स्क्रिप्ट दोनदा चालवलेली असते. ज्या नावाला आधीच हवा तो मजकूर लागलेला आहे ते वगळण्याची अट घाला, इतकंच. पण एकदाच चालवूनही असं होत असेल तर यादी पाहा: फोल्डर वाचणं चालू असतानाच नावं बदलली जात आहेत आणि बदललेली फाइल नवीन म्हणून पुन्हा पुढ्यात येत आहे. पॉवरशेलमध्ये फायलींची यादी थेट नाव बदलण्याच्या आज्ञेकडे पाठवली की हे घडतं. यादीच्या आज्ञेभोवती कंस घातले की आधी यादी पूर्ण होते. पायथनमध्येही यादी पूर्ण गोळा करा, मगच लूप सुरू करा.

क्रम

कॉम्प्युटर नावं अक्षरशः लावतो, म्हणून १० हे २ च्या आधी येतं. नवे क्रमांक देताना पुढे शून्यं लावा, किती लावायची ते एकूण फायलींवरून ठरवा. जुन्या नावांत शून्यं नसतील तर क्रम लावताना आकडा वेगळा काढून संख्या म्हणून तुलना करा. 'लिस्टडिर' कुठल्याच क्रमाची हमी देत नाही. तुमच्या मशिनवर यादी नीट लागून येत असेल तर तो योगायोग समजा आणि स्वतः क्रम लावा.

देवनागरी नावं असतील तर क्रमात आणखी गमती आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे, आपल्या वर्णमालेतल्यासारखा ह नंतर नाही. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, त्यामुळे तो क च्या गटात शेवटी आणि ख च्या आधी लागतो. देवनागरी अंक अक्षरांच्या नंतर येतात, तर इंग्रजी अंक सगळ्या अक्षरांच्या आधी. अर्ध्या नावांत एक आणि अर्ध्यांत दुसरे अंक असले की यादीचे दोन तुकडे होतात. आकडे आधी एकाच प्रकारचे करा.

मराठी नावांची खास दुखणी

नावातली "नको ती चिन्हं" काढणारी ओळ बहुतेक स्क्रिप्टमध्ये असते, कुठूनतरी उचललेली. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे शोधायचा मजकूर संकेतांनी सांगण्याच्या पद्धतीत, 'शब्दातलं अक्षर' म्हणून जो संकेत आहे त्यात काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. त्यांची गणना चिन्हांत होते. म्हणून ही ओळ 'मराठी'चं 'मरठ' करते. वाईट म्हणजे 'काल', 'कल' आणि 'कुल' तिन्हींचं 'कल' होतं, आणि नावं एकमेकांवर आदळतात. काय ठेवायचं याची यादी करण्याऐवजी काय काढायचं याची करा. विंडोजला नको असलेली चिन्हं मोजकीच आहेत: तिरक्या रेघा दोन्ही बाजूंच्या, कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ.

अंकांचंही तपासा. पायथनमध्ये आकड्यांचा संकेत देवनागरी अंकांनाही जुळतो आणि त्यांचं संख्येत रूपांतरही बिनबोभाट होतं. शून्य ते नऊ असा इंग्रजी अंकांचा पट्टा लिहिलात तर देवनागरी अंक सुटतात. जावास्क्रिप्टचा संकेत फक्त इंग्रजी अंक ओळखतो.

आता ते सारखं दिसणारं नाव. 'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन भागांत. पडद्यावर फरक शून्य, कॉम्प्युटरला ही दोन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं सुटी करूनच साठवायची, त्यामुळे तिथून आलेल्या झिप किंवा पेनड्राइव्हवर हा प्रकार हमखास असतो. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे असे सुटे भाग जोडलेल्या रूपात, आणा. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' मॉड्यूल त्यासाठीच आहे.

तरीही जुळत नसेल तर संशय अदृश्य जोडचिन्हावर घ्या. काही कीबोर्ड ऱ्य उमटवण्यासाठी ऱ वापरतच नाहीत, ते साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. युनिकोडच्या लेखी हे लेखन वेगळंच आहे आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. तुम्हालाच एक रूप ठरवून बदल करावा लागतो: र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की ऱ आणि हलन्त. सरसकट जोडचिन्ह काढून टाकू नका, तसं केलं तर 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं. नाव नेमकं कशाचं बनलं आहे ते बघायला प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक वेगळा छापा.

यंत्रणेच्या मर्यादा आणि अडवणारे प्रोग्राम

लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. 'किनाऱ्यावर'मध्ये डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, घटक १० आहेत, बाइट ३०. म्हणजे नावाला एकूण ८५ घटकच मिळतात. विंडोजवर नावाचा प्रश्न सहसा येत नाही, तिथे पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आड येते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती सेटिंगनं उठवता येते, पण वापरातल्या प्रोग्रामलाही ते मान्य असावं लागतं. फोल्डर डिस्कच्या मुळाशी हलवून बघणं सोपं.

विंडोजवर "फाइल दुसरा प्रोग्राम वापरत आहे" असं आलं तर फोटो दाखवणारा प्रोग्राम, प्रिव्ह्यू किंवा अँटिव्हायरस शोधा. क्लाउडशी, म्हणजे ऑनलाइन साठवणीशी, जुळवणी करणारं फोल्डर असेल तर जुळवणी आधी थांबवा. लिनक्सवर नाव बदलायला फाइलीवर नाही, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते, म्हणून फाइलीच्या परवानग्या बदलत बसू नका.

फोल्डरांत फोल्डर असतील तर आतून बाहेर या. बाहेरच्या फोल्डरचं नाव आधी बदललं की आतल्या सगळ्या फायलींचे गोळा केलेले पत्ते खोटे ठरतात. फोल्डरांतले फोल्डर धुंडाळणाऱ्या पायथनच्या 'वॉक'ला खालून वर यायला सांगता येतं, शेलच्या 'फाइंड'लाही.

राहिली ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर न चालणारी ओळ. लिनक्सवर 'रिनेम' नावाचे दोन निरनिराळे प्रोग्राम आहेत. डेबियन आणि उबुंटूवर असतो तो पर्लचा, त्याला शोध-बदलाची एक्स्प्रेशन लागते. फेडोरा आणि आर्चवरचा युटिल-लिनक्समधला, त्याला जुना शब्द आणि नवा शब्द असे दोन वेगळे द्यावे लागतात. एकाची ओळ दुसऱ्याला दिली की तो गप्प बसू शकतो. मदतपान उघडून कोणता आहे ते पाहा.

हात कधी थांबवायचा

फायलींची संख्या घटली, शेजारच्या फोल्डरांतही त्या नाहीत आणि कॉपी नाही: इथे थांबा. नावावर नाव चढलेल्या फाइलीची जागा यंत्रणेनं मोकळी म्हणून नोंदवलेली असते, पुढचं काहीही तिथे लिहिलं जाऊ शकतं. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह असेल तर काढून ठेवा. कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क असेल तर तो बंद करा. एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःहून पुसत असते, तिथे प्रत्येक मिनिट महाग. डेटा परत मिळवणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका, ते स्वतःच हव्या असलेल्या जागेवर बसेल. फायली मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे जा.

फायली एखाद्या प्रोग्रामच्या ताब्यातल्या असतील, म्हणजे फोटोंचं कॅटलॉग, हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा पत्ते साठवणारा डेटाबेस, तर नावं बदलल्यावर त्याला त्या सापडणार नाहीत. आणखी बदल करून जुळवायचा प्रयत्न करू नका. लॉग असेल तर उलटा फिरवा, नसेल तर तो प्रोग्राम सांभाळणाऱ्याला बोलवा. अनेकांच्या वापरातला सर्व्हर असेल तर प्रशासकाला लगेच सांगा. त्याच्याकडे जुनी प्रत असण्याची शक्यता असते आणि ती ठरावीक काळानं पुसली जाते.

परवानगीची एरर आली म्हणून स्क्रिप्ट प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं हा उपाय नाही. ती जिथे चालायला नको तिथे चालते आहे, इतकंच त्यातून कळतं. आणि फायली नुसत्या वाचतानाही डिस्क एरर देत असेल, कॉपी मधेच अडत असेल, तर दोष स्क्रिप्टचा नाही, डिस्क जात आहे. चाचण्या बंद करा.

मदतीला येणाऱ्याला स्क्रिप्ट जशी चालवली तशीच द्या, दुरुस्त केलेली नको. सोबत लॉग, चालवल्याची वेळ, कुठल्या यंत्रणेवर आणि कुठल्या फोल्डरमधून चालवली ते, आणि आधीच्या फायलींचा आकडा. लॉग नसेल तर टर्मिनलची खिडकी उघडी ठेवा, त्यात छापलेलं बरंच काही अजून वाचता येतं.